माझ्या बाजूने सगळं ठीक

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमच्या घरापासून समोरच्या घरापर्यंत दोन लांब नळ्या टाकल्या आहेत. समोर तुमचा मावसभाऊ राहतो. एका नळीला तुम्ही तोंड लावायचं, दुसरीला कान. त्यानेही तसंच करायचं. फक्त एक काळजी घ्यायची. तुमच्या तोंडाची नळी त्याच्या कानाला लागली पाहिजे आणि त्याच्या तोंडाची तुमच्या कानाला. एवढं जमलं की मग अभ्यासाच्या वेळी गप्पा मारायला तुम्ही मोकळे.

आता कल्पना करा की नळ्या उलट लागल्या. तुम्ही ज्या नळीत बोलताय, तिच्याच पलीकडच्या टोकात तोही बोलतोय. दुसऱ्या नळीच्या दोन्ही टोकांना कान. म्हणजे दोघंही घसा कोरडा करताहेत, दोघंही कान देऊन बसलेत, आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. मोठी माणसं सांगतात, तोंडाला तोंड देऊ नये. ते नळ्यांच्या बाबतीतही खरं आहे.

अशा वेळी दोघांचं म्हणणं मात्र अगदी सारखं असतं : "मी कधीचा बोलतोय, तोच उत्तर देत नाही."

भिंगरीच्या गोष्टीत नेमकं हेच झालं. तिथल्या नळ्या केसाएवढ्या बारीक होत्या आणि त्यांच्यातून बोलणं उजेडाच्या रूपात जायचं, इतकाच फरक.

भिंगरी हे तिचं घरचं नाव. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण ते हजेरीपुरतंच निघायचं. तिची आई आवाजाच्या एका स्टुडिओत काम करायची. तिथे माणसं काचेच्या खोलीत बसून गोष्टी वाचायची आणि ते आवाज तळघरातल्या एका काळ्या कपाटात साठवले जायचे. हे कपाट माणसापेक्षा उंच होतं. त्यात कपडे नव्हते, रांगेने डिस्क होत्या, आणि मागच्या बाजूला पंखे असे घोंघावायचे की शेजारच्या माणसाशी बोलायलाही ओरडावं लागे. कपाटाला सगळे स्टोरेज म्हणत आणि भिंगरीच्या आईला स्टोरेजवाल्या ताई. कोंबड्याच्या आरवण्यापासून राक्षसाच्या घोरण्यापर्यंत सगळे आवाज त्या कपाटात होते.

त्यातच भिंगरीच्या दादाचाही आवाज होता.

दादाने गेल्या वर्षी एक अख्खी गोष्ट वाचली होती, एका कोल्ह्याची आणि एका विसराळू घुबडाची. रेडिओवाल्यांना ती इतकी आवडली की त्यांनी ती आज संध्याकाळी सहा वाजता लावायची ठरवलं. मावशीला, आत्याला आणि दोन्हीकडच्या आजोबांना कळवून झालं होतं. घरच्या आजोबांनी तर रेडिओला नवे सेल आणून ठेवले होते.

पण मधल्या काळात दादाचा आवाज फुटला. फुटला म्हणजे काय, ते मोठ्या भावांना विचारा, नाहीतर थांबा, तुम्हाला कळेलच. आता दादा बोलायला लागला की आधी दाराची बिजागरी करकरे, मग बेडूक ओरडे, मग पुन्हा बिजागरी. साधं "हॅलो" म्हणायलाही त्याच्या गळ्यातली दोन-तीन माणसं पुढे येत. त्यामुळे गोष्ट पुन्हा वाचून द्यायची काही सोय राहिली नव्हती. कोल्ह्याचा तो आवाज आता फक्त कपाटात होता. सुरक्षित राहावी म्हणून गोष्टीची दुसरी प्रतही काढून ठेवली होती. तीही त्याच कपाटात.

सकाळी दादा म्हणाला, "नाही लागली तरी चालेल मला." पोहायला जाताना तो हे पुन्हा म्हणाला, आणि परत आल्यावर आणखी एकदा. तेव्हा आईला कळलं की गोष्ट लागायलाच हवी.

शाळेला सुट्टी होती म्हणून भिंगरी आईबरोबर कामावर आली होती. आदल्याच दिवशी ते काळं कपाट तळघरातल्या जुन्या खोलीतून नव्या खोलीत हलवलं होतं. कपाटाला बाहेरच्या जगाशी बोलायला दोन दारं होती. त्यांतलं एक दुरुस्तीला गेलेलं. उरलेल्या दारातून नवी जोडतार, म्हणजे त्या केसाएवढ्या दोन नळ्यांची जोडी, निघून थेट वरच्या मजल्यावर जायची. तिथे स्विच नावाचं यंत्र होतं. स्विचचं काम चौकातल्या पोलिसासारखं : कोणता आवाज कुठे पाठवायचा ते बघायचं. स्विच सांभाळायचे स्विचवाले काका.

दुपारी रेडिओवाल्यांचा फोन आला. "गोष्ट पाठवता ना? पाचपर्यंत नाही आली तर आम्ही बासरी लावू. आमच्याकडे बासरी नेहमी तयार असते."

आई कपाटासमोर गेली आणि पाहते तो काय, कपाट आतून ठणठणीत होतं. सगळ्या डिस्क चालू, सगळे आवाज जागच्या जागी. फक्त दारावरचा बारीक दिवा बंद होता.

"हे दार म्हणजे पोर्ट," आईने कपाटाच्या मागच्या बाजूची एक छोटी चौकोनी खोबण दाखवली.

"पोर्ट म्हणजे बंदर," भिंगरी म्हणाली. "भूगोलात आहे."

"तेच. फक्त इथे जहाज लागत नाही, तार लागते. आणि ती लागली की हिरवा दिवा लागतो. आपला लागलेला नाही."

"मग आता?"

"आता वर जा आणि काकांना विचार, त्यांच्याकडचा दिवा लागलाय का."

भिंगरीलाच पाठवायचं कारण असं की तळघरात मोबाइलला रेंज नव्हती, आणि नव्या खोलीत फोन अजून बसवायचा होता. कपाट हलवायची घाई सगळ्यांना होती. फोन हलवायची कुणालाच नव्हती.

वरच्या खोलीत स्विचवाले काका तारांच्या जंजाळात मान घालून उभे होते. काका तसे अतिशय सज्जन. फक्त त्यांच्या हातांना स्वस्थ राहणं ठाऊक नव्हतं. बोलताना ते पेनाचं टोपण काढत आणि घालत, आणि पेन नसलं तर समोरच्याच्या शर्टाचं बटण.

"काका, आई विचारते, तुमच्याकडचा दिवा लागलाय का?"

"नाही लागला. पण ताईंना सांग, माझ्या बाजूने सगळं ठीक आहे."

"दिवा तर लागला नाही ना?"

"दिवा नाही लागला. तो सोडून सगळं ठीक आहे."

भिंगरीने हा निरोप जसाच्या तसा खाली पोचवला.

"माझ्याही बाजूने सगळं ठीक आहे," आई म्हणाली. "आता काय बिघडलंय ते एकेक करून बघू. आधी सगळ्यात सोपं."

मुलांनो, काही बंद पडलं की ते सुरू करायची ही पद्धत फार चांगली आहे. लोक आधी सगळ्यात अवघड तेच करून बघतात. आईने आधी तार घट्ट बसली आहे का ते पाहिलं. बसली होती. दोन्ही बाजूंचा वेग सारखा लावलाय का ते पाहिलं, कारण एक भरभर बोलणारा आणि एक सावकाश ऐकणारा असेल तर यंत्रांचंही जमत नाही. वेगही सारखा होता. मग तिने खोबणीतला बोटभर लांबीचा धातूचा तुकडा बदलून पाहिला. उजेड तिथूनच निघतो. त्याला मॉड्यूल म्हणतात. दिवा बंद तो बंद. मग तिने तारेची टोकं एका खास कापडाने पुसली. धुळीचा एक कण बसला तरी उजेड अडतो.

"कान साफ केले," भिंगरी म्हणाली.

"हो. आणि तारेच्या टोकात कधीही डोळा लावून बघायचं नाही. आतला उजेड दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो."

"मग तुला कसं कळणार उजेड आहे की नाही?"

आईने खिशातून मोबाइल काढला. तळघरात त्यावरून फोन लागत नव्हता, पण कॅमेरा चालत होता. जोडतारेची दोन्ही टोकं मोकळी करून तिने लांबूनच त्यांच्यापुढे मोबाइल धरला. आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही ते काही कॅमेऱ्यांना दिसतं. डावं टोक काळं होतं. उजव्या टोकात जांभळट ठिपका चमकत होता.

"हा बघ काकांचा आवाज," आई म्हणाली. "उजव्या तारेतून येतोय. म्हणजे उजवी तार आपल्या कानात गेली पाहिजे. काल तार जोडणाऱ्या माणसाने ती तोंडाला लावून ठेवली होती. तोंडाला तोंड. सापडलं!"

तिने दोन्ही टोकांची अदलाबदल केली आणि तार पुन्हा खोबणीत बसवली. टिक असा आवाज झाला.

दिवा लागला नाही.

आई दिव्याकडे बघत राहिली. दिवा बंद अवस्थेत आईकडे बघत राहिला.

"जा, काकांना विचार, काही दिसतंय का."

भिंगरी वर गेली तेव्हा काका तार बसवत होते. टिक. "ताईंना सांग, मीही कॅमेरा लावून पाहिलं. उलट होती. बरोबर केली. माझ्या बाजूने आता सगळं ठीक आहे."

तेवढ्यात काकांच्या टेबलावरचा फोन वाजला. काकांनी तो उचलला, क्षणभर ऐकलं आणि भिंगरीकडे दिला. "कुणीतरी मोठे गृहस्थ आहेत. घसा बसलाय त्यांचा."

तो दादा होता.

"गेली का गं?" बिजागरी करकरली.

"अजून नाही."

"माझं काही नाही." बेडूक. "आजोबांनी सेल आणलेत म्हणून विचारलं."

"जाईल रे."

"नाही गेली तरी..." इथे आवाज चिरकला आणि दादाने फोन ठेवून दिला.

भिंगरी खाली आली. आईने पुन्हा टोकं मोकळी केली, पुन्हा कॅमेरा धरला आणि तिच्या कपाळावर आठी पडली. मघाशी जांभळा ठिपका उजव्या तारेत होता. आता तो डाव्या तारेत होता.

"भिंगरे, मघाशी उजवीकडे होता ना?"

"होता."

"मला भास झाला की काय?" आईने चष्मा पुसला. पुसलेल्या चष्म्यातूनही ठिपका डावीकडेच दिसला. तिने टोकांची पुन्हा अदलाबदल केली. टिक. दिवा नाही. आणि वर? वर काकांनीही तोवर कॅमेऱ्यात पाहिलं होतं, त्यांचाही ठिपका जागा बदलून बसला होता, आणि त्यांनीही डोळे चोळून पुन्हा अदलाबदल केली होती. टिक.

दोघंही हुशार होते. दोघांची पद्धत बरोबर होती. दोघंही अगदी योग्य तीच चूक दुरुस्त करत होते. आणि दिवा बंद होता.

बासरीची वेळ जवळ येत होती.

आईचा निरोप घेऊन भिंगरी जिन्यावर आली तेव्हा समोरून चहावाले मामा उतरत होते. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कागदी कपांची चवड. भिंगरी घाईने डावीकडे सरकली. मामाही त्याच बाजूला सरकले. भिंगरी दुसरीकडे झाली. मामाही झाले. पुन्हा इकडे. पुन्हा तिकडे. किटली डुचमळली.

"अगं बाई," मामा म्हणाले, "आपण असेच नाचत राहिलो तर चहाचं सरबत होईल. एक कर. तू भिंतीला चिकटून उभी राहा. अजिबात हलू नकोस. मी जातो."

भिंगरी भिंतीला चिकटून उभी राहिली. मामा आरामात खाली गेले.

त्यानंतरही ती थोडा वेळ तशीच उभी होती. मग निरोप तसाच ठेवून ती वळली आणि धावत तळघरात गेली.

"आई, तू तार फिरवलीस ना?"

"हो. दोनदा."

"काकापण फिरवतात. मी बघितलं. तू फिरवलीस की तेही फिरवतात. तू इकडे सरकतेस, तेही इकडेच सरकतात!"

आईच्या हातातली तार हातातच राहिली. मग तिने डोक्यावर हात मारून घेतला.

"अगं, मी एका टोकाला सुलट केली आणि त्यांनी दुसऱ्या टोकाला केली, तर होतं काय?"

"पुन्हा उलट."

"पुन्हा उलट! आणि तरी आपण दोघं म्हणतोय, माझ्या बाजूने सगळं ठीक." आई हसली, पण घड्याळाकडे बघून तिने हसू आवरतं घेतलं. "एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो एकानेच करायचा. हे मी नव्या पोरांना शिकवते बरं का. जा, काकांना सांग, तुम्ही हात लावू नका, मी एकटी फिरवते. तू वर पोचेपर्यंत मी थांबते. मनात शंभर म्हणते."

भिंगरी वर गेली आणि तिने सांगितलं.

"बरोबर आहे ताईंचं," काका म्हणाले. "असंच करायला हवं. मी हात लावत नाही." असं म्हणताना त्यांचा उजवा हात तारेकडे गेला होता.

"काका!"

"फक्त नीट बसलीय का ते बघत होतो गं."

"काका, डावा हात!"

"छे छे, तो असाच." पण तोही असाच तारेच्या जवळ आला होता.

भिंगरीच्या लक्षात आलं की काका खोटं बोलत नव्हते. ते मनापासून हात लावत नव्हते. हातच त्यांना न विचारता लावत होते. काकांना समजावून उपयोग नव्हता, कारण काकांना समजलेलंच होतं. समजवायचं होतं हातांना.

चहावाले मामा एव्हाना परत वर आले होते आणि दारातून कप पुढे करत होते. भिंगरीने दोन कप घेतले. वाफाळता चहा अगदी काठापर्यंत भरलेला. एक तिने काकांच्या उजव्या हातात दिला.

"हा तुमचा."

दुसरा डाव्या हातात दिला.

"हा आईचा. ती येईपर्यंत धरा. सांडू नका."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर तारा, खुर्चीवर तारा, खिडकीत यंत्राचं झाकण. कप ठेवायला बोटभरही जागा नव्हती. स्विचच्या शेजारी चहा सांडला तर काय होतं, हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. ते दोन्ही हात लांब धरून पुतळ्यासारखे उभे राहिले.

"भाजतंय गं," ते म्हणाले.

"आईचं शंभर होत आलं असेल."

"ताई सावकाश मोजतात का?"

भिंगरी दिव्याकडे बघत होती.

तळघरातली टिक वर ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण स्विचवरचा दिवा आधी नारंगी झाला, दोनदा लुकलुकला, आणि मग हिरवा झाला. हिरवाच राहिला.

"लागला!" काका ओरडले आणि उजव्या हाताने दिव्याकडे बोट करायला गेले. थोडा चहा त्यांच्या बुटावर सांडला. बाकी काही झालं नाही.

आई जिने चढून वर आली तेव्हा गोष्ट निघालीही होती. रेडिओवाल्यांनी फोन करून सांगितलं, मिळाली, पण पुढच्या वेळी जरा लवकर पाठवा, आमच्या बासरीवाल्यांची फार धांदल होते.

"बघा ताई," काका म्हणाले, "मी मघापासून सांगतोय. माझ्या बाजूने सगळं ठीक होतं."

"माझ्याही," आई म्हणाली आणि आपला चहा घेतला. तो आता पिण्याजोगा झाला होता.

"मग चूक होती कुणाची?"

"कालच्या तारवाल्याची. त्यानंतर आपली, दोघांची, बरोबर अर्धी अर्धी."

काकांनी यावर विचार केला. त्यांचे हात मोकळे झाले होते, त्यामुळे विचार करताना त्यांनी मामांच्या किटलीचं झाकण काढलं आणि घातलं.

सहा वाजता स्टुडिओच्या दिवाणखान्यात सगळे जमले. तिथे कोपऱ्यात एक जुना रेडिओ होता. आधी बातम्या संपल्या, मग एका बाईंनी दादाचं पूर्ण नाव घेतलं, आणि मग कोल्हा बोलू लागला.

घरी आता कुणी असं बोलत नव्हतं. पाण्यासारखा नितळ आवाज, कुठे खरखर नाही, कुठे अडखळणं नाही. घुबडाच्या विसराळूपणावर सगळे हसले. काका सगळ्यांत मोठ्याने हसले. भिंगरी मात्र हसली नाही. रोज त्याच घरात राहूनही हा आवाज कधी गेला ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तेवढ्यात दिवाणखान्यातला फोन वाजला. भिंगरीने उचलला.

"भिंगरे, बंद कर ते," बिजागरी म्हणाली. "किती बारीक आवाज आहे! शी! वर्गातली सगळी मुलं ऐकत असतील. मी घरातला रेडिओ केव्हाच बंद केला."

"पूर्ण बंद?"

"पूर्ण. आजोबा चिडलेत माझ्यावर. तिथलाही बंद करायला सांग."

"बरं," भिंगरी म्हणाली.

ती रेडिओपाशी गेली. फोनची तार तिथवर जेमतेम पुरली. तिने रिसीव्हर रेडिओच्या अगदी शेजारी टेबलावर ठेवला, आणि आवाजाचं बटण फिरेल तेवढं उजवीकडे फिरवलं.